पुणे-मुंबईहून जैसलमेर स्वतःच्या गाडीने: काय बघायचं, कधी बघायचं आणि गाडी कुठे घालायची नाही

आधी दिवसाला पाचशे किलोमीटर मारायचे हा हिशोब डोक्यातून काढा. आपल्याला चाकणचं ट्रॅफिक आणि खंबाटकीची रांग माहीत, त्यामुळे बाडमेरच्या पुढे मोकळा सरळ रस्ता लागला की वाटतं दिवसात कितीही मारू आणि वाटेतले पॉइंटपण करू. किलोमीटर होतात हो, बघणं होत नाही. कारण वाळवंटात बघण्यासारखा उजेड दिवसाला जेमतेम चार तास असतो, सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी शेवटचे दोन तास. भर दुपारी सगळी वाळू पांढरट आणि सपाट दिसते, फोटोत तर बिल्डरने साइटवर टाकलेला ढीग वाटतो. म्हणून गाडी दुपारी चालवायची आणि बघायचं सकाळ-संध्याकाळ. जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, उगाच पाचचा अलार्म लावून घरच्यांच्या शिव्या खाऊ नका.

मुंबईहून अकराशे-बाराशे किलोमीटर धरा, पुण्याहून अजून दीडशे. जाताना अहमदाबाद आणि बाडमेर असे दोन मुक्काम केले तर कुणाची कंबर जात नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊच नका, याच पट्ट्यातल्या फलोदीला मे 2016 मध्ये 51 डिग्री झालं होतं. आणि थंडीत जाताय तरी स्वेटर हवेच, रात्री कडक गारठा पडतो.

बाडमेरहून येताना जैसलमेरच्या सतरा-अठरा किलोमीटर अलीकडे आकल फॉसिल पार्क लागतं. सगळे पुढे निघून जातात. तिथे साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत, वर पत्रा, बाजूला जाळी, बघायला काहीच ग्लॅमर नाही. पण वाकून बघितलं तर खोडाच्या रेषा दिसतात. या ओसाड माळावर जंगल होतं हे मुलांना समजावत माझा अर्धा तास गेला, तो पैसे वसूल होता.

कुलधरा हे जैसलमेरजवळचं ओसाड पडलेलं गाव, तिथे लोक भुतासाठी जातात. गाइडपण तेच सांगतो. तुम्ही त्याला खडीन म्हणजे पाणी अडवून केलेल्या शेतीबद्दल विचारा. पूर्वी इथे राहणारे पालीवाल लोक उताराखाली मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचे आणि ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर थंडीत गहू, हरभरा घ्यायचे. एवढ्याशा पावसात गहू, आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे भुतापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटेल.

पाकिस्तान सीमेजवळच्या तनोट-लोंगेवालाला एक पूर्ण दिवस द्या. जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत रामगढवरून जैसलमेर, अडीचशेच्या आसपास होतं. जैसलमेरलाच टाकी फुल करा, माणशी पाच लिटर पाणी गाडीत ठेवा, ऑफलाइन मॅप घ्या कारण रामगढच्या पुढे नेटवर्क येतं-जातं. तनोटमातेच्या देवळाचं सगळं बीएसएफचे जवान बघतात, 1965 च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे आत काचेमागे ठेवलेत. लोंगेवालाला 1971 चे पाकिस्तानी रणगाडे आहेत. चौकी, जवान, लष्करी गाड्या यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि तनोटच्या पुढे सीमेकडे परवानगी लागते. अंधाराच्या आत परत या, रात्री रस्त्यावर उंट उभे असतात आणि उंटाचे पाय इतके लांब की धडक बसली तर धड सरळ काचेवर येतं.

आता वाळू. साधी हॅचबॅक असेल तर डांबर सोडायचं नाही, एक फूटसुद्धा नाही. मी खुडीजवळ यू-टर्न मारताना मागची चाकं कडेच्या वाळूत घातली, बाहेर काढायला अॅक्सिलरेटर दिला तर पुढची पण गेली, चाकं जागेवर फिरतायत, क्लच जळल्याचा वास, बायको शांत (हे जास्त वाईट). एक मेंढपाळ आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "रेस मत दो साब, पहले हवा निकालो." चारही टायरची हवा तेहतीसवरून अठरा पीएसआयवर आणली, चाकांपुढची वाळू हाताने उकरली, पुढच्या चाकांखाली पायपुसणी सरकवली आणि सेकंड गिअरमध्ये हलकेच क्लच सोडला. निघाली. त्यानंतर हवा परत भरेपर्यंत गाडी सावकाशच चालवायची, त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप सोबत हवाच.

सूर्यास्ताला वाळूच्या टेकड्यांवर जायचं तर सम की खुडी? सममध्ये डीजे, जीप आणि चहावाले. खुडी शांत.

डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोक पक्षी आहे, तिकडे गोडावण म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात त्याची वाट बघून डोळे दुखलेल्या मंडळींना इथे खरी संधी, तरी दिसेलच असं नाही.

परतीला जोधपूरकडे वळताना फलोदीला रात्र काढा आणि सकाळी जवळच्या खिचन गावी जा. मंगोलिया, मध्य आशियाकडून आलेले हजारो कुरजा (करकोचे) गावकऱ्यांनी टाकलेलं धान्य टिपायला उतरतात, आवाजाने शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. उशीर झाला तर ते गावाबाहेरच्या तळ्यावर गेलेले असतात, तिकडे बघा.