ऑर्गनच्या एकल वादनाला बसण्याआधी

पेटी चांगली वाजते, आता पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर एकल कार्यक्रम करायचाय, असं म्हणणारी मुलं ठाण्यात बरीच भेटतात. हे त्यांच्यासाठी.

एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण माझं फार काळ तिथंच अडलं होतं. पेटीचा भाता हाताने मारताना सुरात आपोआप चढउतार येतो. ऑर्गनला पाय आळीपाळीने चालतात, आतला मोठा भाता ताण धरून ठेवतो, दोन्ही हात मोकळे. सूर तुटतच नाही. हे त्याचं वैभव आणि हाच सापळा. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातलं (1916) भास्करबुवा बखल्यांच्या चालीचं ‘नाथ हा माझा’ घ्या. गाणारा ‘माझा’नंतर दम घेतो. नोटेशनमध्ये तो दम लिहिलेला नसतो, म्हणून बोटं थेट पुढच्या सुराला चिकटतात. साथीला असाल तर गायक सावरून घेतो. एकल वादनात सावरणारं कोणी नाही. ऐकणारा दहा मिनिटांत थकतो. म्हणून पद आधी तोंडाने म्हणा, दम संपेल तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि त्या खुणेवर बोटं उचला. बोटंच. पाय थांबवलेत तर पुढचा सूर दबका निघेल.

पेटी आणि ऑर्गन वाजवणाऱ्या गोविंदराव पटवर्धनांच्या (1925–1996) वादनात शब्द ऐकू येतात, ते उगीच नाही. त्यांची सारी हयात गायकांच्या साथीत गेली होती. माझं ठाम मत आहे, नुसते पलटे (सुरांचे ठरावीक सराव) घोटून घेणाऱ्या गुरूपेक्षा एखाद्या गाणाऱ्याकडे साथीला बसा. तुमचा गळा गोड नसला तरी चालतो, खरंच. स्वतःशी गुणगुणता आलं की पुरे.

कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून तयारी मात्र करू नका. पायांचा हिशेब तिथे नाहीच.

आणखी एक. ऑर्गनच्या समान अंतराच्या ट्यूनिंगमधला गंधार (ग) तानपुऱ्याच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर). यमन रागात तो लांब धरलात की खुपतो. धरू नका, स्पर्श करून पुढे जा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर निघणारच नाही, तिच्यामागे लागू नका.

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, वाद्य कोण आणणार हे आधी विचारा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. तासभर आधी पोहोचून प्रत्येक पट्टी दाबून बघा, खालच्या सप्तकापासून.