या चुका टाळा: झाडीतल्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा खेळताना

आम्ही चौघं साताऱ्याचे. सराव करतो कोरेगावच्या बाजूला, एका मित्राच्या रानात, सोयाबीन निघालं की. तिथं झाड म्हणाल तर बांधावरची एक बाभूळ. बॉल वाकडा गेला तर चालत जायचं, उचलायचा, पुन्हा मारायचा. महिन्यातून एकदा पहाटे निघून खंबाटकीचा बोगदा ओलांडतो आणि पुण्याच्या कडेला, ग्रीन फी भरून कुणालाही खेळता येतं अशा कोर्सवर 18 होल करून येतो. तिथं फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही अंगांना चिंच, गुलमोहोर आणि रेन ट्रीची भिंत. दरवेळी कुणीतरी नवखा सोबत असतो आणि दरवेळी त्याच त्या चुका. सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहितोय.

बॉल झाडीत घालणं ही चूक नव्हे. तो सगळ्यांचाच जातो. घात होतो तो त्याच्या पुढच्या फटक्याला. दोन खोडांमधून ग्रीनवरचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, झेंडा दिसतो आणि माणसाची मती फिरते.

माझीही फिरली होती. पार 4 चा होल, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा. माझा पहिला फटका उजवीकडे रेन ट्रीखाली. आमच्यातल्या अण्णांचा बॉलही तिथंच, माझ्यापासून चार पावलांवर. समोर वीतभर फट. मी थ्री वूड, लांब मारायचा क्लब, काढला. अण्णा नुसते "बघा बुवा" म्हणाले. बॉल खोडावर आपटून माझ्याच डोक्यावरून मागे गेला. तिसरा फटका फांदीला लागून खाली, थेट मुळांत. चौथ्याला क्लब मुळावर बसला, मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि बॉल हलला टीचभर. मग अक्कल आली. बॉल अनप्लेएबल, म्हणजे इथून मारता येत नाही, म्हणून 1 फटका दंड घेतला (तो पाचवा), ड्रॉप केला, म्हणजे बॉल हातानं मोकळ्या जागी टाकला, सहाव्याला बाहेर, सातव्याला ग्रीनच्या अलीकडे, आठव्याला चिप, म्हणजे ग्रीनवर चढवायचा छोटा फटका, आणि दोन पट, म्हणजे ग्रीनवर घरंगळवायचे फटके. एकूण 10. अण्णांनी सेव्हन आयर्ननं, मधल्या पल्ल्याच्या क्लबनं, बॉल आडवा ढकलून फेअरवेवर आणला, पुढचा ग्रीनच्या तोंडाशी, एक चिप, एक पट. 5. वर विचारतात कसे, "तुमचे किती झाले?"

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. झाडीत शिरलो की आधी झेंड्याकडे पाठ करतो आणि बाहेर पडायची सगळ्यात रुंद वाट शोधतो, ती मागे नेत असली तरी. मग सेव्हन आयर्न, पकड जरा खाली, बॉल मागच्या पायाकडे, हात पुढे, आणि क्लब मागे कमरेपर्यंतच न्यायचा. बॉल गुडघ्याच्या उंचीनं फांद्यांखालून पळतो. दिसायला हा फटका अगदी भिकार. रील बघून आलेल्यांना तो नकोच असतो, त्यांना झाडाला वळसा घालून बॉल फिरवायचा असतो. अरे बाबा, सरळ बॉल सरळ जाईना तुझा!

अनप्लेएबल घेतलात तर पर्याय तीन: आधीच्या जागेवरून पुन्हा मारा, झेंडा आणि बॉल यांच्या सरळ रेषेत हवं तितकं मागे जा, किंवा दोन क्लब लांबीच्या आत, झेंड्याच्या जवळ न जाता ड्रॉप करा. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून टाकायचं 2019 मध्ये बंद झालं. आणि स्विंगला जागा हवी म्हणून आडवी आलेली फांदी मोडू नका. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, 2 फटके दंड आहे. पाचोळा मात्र खुशाल बाजूला करा. पण त्या नादात बॉल हलला तर 1 फटका, आणि बॉल पुन्हा जागेवर.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे बॉल हरवणं आणि तो शोधत बसणं. शोधायला वेळ 3 मिनिटं. पूर्वी 5 होती, तीही 2019 लाच कमी झाली. मागे दुसरी चौकडी कमरेवर हात ठेवून उभी असते आणि आमचा नवखा करवंद वेचल्यासारखा झुडपं उपसत असतो. बॉल झाडीत जाताना दिसला की तिथंच टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, दुसरा मारा. पण मारण्याआधी "प्रोव्हिजनल मारतोय", म्हणजे पहिला न सापडला तर हा तात्पुरता बॉल, असं तोंडानं म्हणा. नुसताच मारलात तर तोच खेळातला बॉल होतो, पहिला पुढं सापडला तरी हातचा गेला. काही कोर्सवर स्थानिक नियम असतो, बॉल हरवला तर 2 फटके दंड घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप करता येतो. काउंटरवर पैसे भरतानाच विचारून घ्या. आणि बॉलवर पेननं स्वतःची खूण करा. दहा सेकंदांचं काम, पण कुणी करत नाही.

बाकीचं थोडक्यात. अरुंद होलवर ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारणारा क्लब, बॅगेतच ठेवा. 14 क्लबपर्यंत मुभा आहे म्हणून पहिल्याच महिन्यात 14 विकत घेऊ नका, सात भरपूर झाले. वारा गालावर जोखू नका. झाडीत खाली सगळं शांत असतं आणि बॉल शेंड्यांच्या वर गेला की उडतो, म्हणून शेंड्याची पानं बघा. बॉल शेजारच्या फेअरवेकडे गेला तर लाजू नका, "फोर!" म्हणजे "सांभाळा!" अशी बोंब ठोका. झाडाखाली शिरताना वर एकदा नजर टाका. जुन्या झाडांवर आग्या मोहोळ असतं आणि त्याला तुमचा हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) माहीत नसतो.

झाडीत दुसऱ्याचा बॉल सापडला तर लगेच खिशात घालू नका. मागच्या खेपेला शेजारच्या फेअरवेवरचे एक गृहस्थ घामाघूम होऊन बॉल शोधत होते. आमचा पठ्ठ्या मोठ्या आस्थेनं त्यांच्याबरोबर वाकून वाकून शोधू लागला. पूर्ण 3 मिनिटं. बॉल याच्याच खिशात होता.