लाडक्या क्लबचा ताळेबंद कसा वाचावा

माझा भाचा चेल्सी या लंडनच्या फुटबॉल क्लबचा कट्टर समर्थक. कोणता खेळाडू किती कोटींना आला हे त्याला तोंडपाठ असतं, पण तो पैसा कुठून आला आणि कुणाच्या नावावर चढला, हे विचारलं की गाडी अडते. मी पेशाने सीए, ऑडिटमध्ये हयात गेली. त्याला शिकवलं तेच इथे लिहितो. पुढचं सगळं वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: मालकाने उद्या हात वर केले, तर क्लबकडे काय उरेल?

हा प्रश्न मला पुण्याने शिकवला. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका हंगामात आटोपला, आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडून इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीला घसा कोरडा होईपर्यंत ओरडणारी पोरं तिथेच होती, संघ मात्र नव्हता. जाहिरात, झेंडे, मोठी नावं, सगळं होतं. क्लबचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं होतं.

सुरुवात जर्सीपासून करा, कारण त्यासाठी कुठलं कागदपत्र लागत नाही. आज छातीवर कंपनीचं नाव नसलेली जर्सी विचित्र वाटते, पण 1976 मध्ये केटरिंग टाउनने ‘केटरिंग टायर्स’ असं लिहून सामना खेळला तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ते काढायला लावलं होतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगने 1973 मध्ये येगरमायस्टर या मद्याच्या चिन्हातलं हरणाचं मुंडकं थेट क्लबच्या बोधचिन्हात घेतलं. बार्सिलोनाने 2006 पर्यंत छाती कोरी ठेवली, नंतर युनिसेफचं नाव लावून उलट आपणच त्यांना पैसे दिले, आणि 2011 पासून कतार फाउंडेशनकडून पैसे घेतले. आता तर मैदानाच्या नावातही स्पॉटिफाय आहे.

जर्सीवर कंपनी दिसली की तिचा मालक शोधा. तो आणि क्लबचा मालक एकाच घरचे निघाले तर पेन्सिलने खूण करा. न्यूकॅसल 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतला. 2023 पासून त्यांच्या छातीवर असलेली सेला ही कंपनी त्याच निधीची. यात आपोआप काही बेकायदा ठरत नाही. पण एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारा पैसा बाजारभावाने जातोय का, हे तपासावं लागतं, आणि इंग्लंडची सर्वोच्च स्पर्धा असलेल्या प्रीमियर लीगने त्यासाठी वेगळे नियमही केले आहेत.

रंग आणि नाव याहून महत्त्वाचं. कार्डिफ सिटीचं टोपणनावच ब्लूबर्ड्स, तरी 2012 मध्ये मालकाने जर्सी लाल केली. समर्थक हटले नाहीत, आणि 2015 च्या जानेवारीत निळा रंग परत आला. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये 2005 साली रेड बुलने क्लब घेतला आणि जांभळा रंग गेला. तिथल्या समर्थकांनी जांभळा क्लब पुन्हा स्थापन केला आणि तळाच्या लीगपासून सुरुवात केली. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता खरं काम. इंग्लंडमधल्या क्लबांचे हिशेब ‘कंपनीज हाउस’ या तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लबच्या कंपनीचं नाव टाका, ‘फायलिंग हिस्टरी’ उघडा आणि वार्षिक हिशेबाची पीडीएफ उतरवून घ्या. बऱ्याचदा एका क्लबच्या तीन-चार कंपन्या एकमेकींच्या वर बसलेल्या असतात, तेव्हा ‘ग्रुप अकाउंट्स’, म्हणजे सगळ्यांचे एकत्रित हिशेब असलेली पाहा. मँचेस्टर युनायटेड 2012 पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळे त्यांचे हिशेब तिकडेही सापडतात. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेताना काढलेल्या कर्जाचा बराचसा भार क्लबच्याच डोक्यावर आला. इतक्या वर्षांत त्याचं व्याज किती गेलं, ते बघाच.

सुरुवातीची रंगीत पानं उलटून टाका, थेट टिपांकडे, म्हणजे आकड्यांचा तपशील देणाऱ्या ‘नोट्स’कडे जा. उत्पन्नाची टीप तीन तुकड्यांत असते: सामन्याच्या दिवसाची कमाई, टीव्हीचे हक्क, जाहिरात-व्यापार. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा स्कायबरोबरचा पाच वर्षांचा करार 30.4 कोटी पाउंडांचा होता. त्यानंतर टीव्हीचा आकडा असा फुगला की कित्येक छोट्या क्लबांचं निम्म्याहून जास्त पोट त्याच्यावर चालतं. म्हणूनच खालच्या लीगमध्ये घसरण झाली की कंबरडं मोडतं. उत्पन्नाशेजारी पगाराचा आकडा लिहा. युरोपीय स्पर्धांमध्ये आता खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार, बदलीचा (ट्रान्सफरचा) खर्च आणि एजंटांचं कमिशन मिळून उत्पन्नाच्या 70 टक्क्यांची मर्यादा आहे.

भाचा अडतो ती जागा म्हणजे बदलीची रक्कम, खेळाडू घेताना दुसऱ्या क्लबला मोजलेली. ती ज्या वर्षी मोजली त्याच वर्षी खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर विभागली जाते. वही घ्या. एन्झो फर्नांडेझ 2023 च्या जानेवारीत सुमारे 10.68 कोटी पाउंडांना चेल्सीत आला, करार साडेआठ वर्षांचा. भागाकार केला की वर्षाला साधारण 1.26 कोटी. हाच करार पाच वर्षांचा असता तर वर्षाला 2.14 कोटी खर्च दिसला असता. खेळाडू तोच, किंमत तीच, पण कागदावरचा वर्षाचा खर्च सुमारे 40 टक्क्यांनी कमी. ही पळवाट दिसताच युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने आणि नंतर प्रीमियर लीगनेही हे विभागणं जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणलं.

आता उलटी बाजू. क्लबच्या अकादमीत (प्रशिक्षण शाळेत) वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत, म्हणजे हिशेबात दाखवलेली किंमत, जवळजवळ शून्य, म्हणून तो विकला की जवळपास पूर्ण रक्कम नफा. मेसन माउंट लहानपणापासून चेल्सीत वाढला, 2023 मध्ये सुमारे 5.5 कोटी पाउंडांना युनायटेडला गेला. तोट्यावर मर्यादा घालणारे नियम हवेतच, 2023-24 च्या हंगामात एव्हर्टनचे गुण कापले गेले ते त्याच नियमांखाली. पण घरचं पोर विकणं हाच सर्वांत सोपा नफा ठरावा, हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

शेवटी ‘रिलेटेड पार्टी’ची, म्हणजे मालकाशी संबंधित व्यक्ती-कंपन्यांबरोबरच्या व्यवहारांची टीप वाचा, आणि मैदान कुणाच्या नावावर आहे ते शोधा. ही टीप घाईत वाचू नका. चेल्सीने मैदानालगतची दोन हॉटेलं 7.65 कोटी पाउंडांना आपल्याच भावंड-कंपनीला विकली, आणि तोटा तेवढा कमी दिसला. डर्बी काउंटीने 2018 मध्ये प्राइड पार्क मैदान आपल्याच मालकाच्या कंपनीला 8.11 कोटी पाउंडांना विकलं. 2021 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकाच्या ताब्यात गेला, एका हंगामात 21 गुण कापले गेले, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, आणि क्लब वाचवायला निघालेल्यांना कळलं की मैदान क्लबच्या मालमत्तेत नाहीच.

भारतातल्या क्लबांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर थोडी फी भरून कागद पाहता येतात. क्लब नावाची संस्था वेगळी आणि संघ चालवणारी कंपनी वेगळी असू शकते, हे आधी तपासा. मोहन बागानच्या नावापुढे 2020 मध्ये एटीके (कोलकात्याच्याच दुसऱ्या संघाचं नाव) लागलं, समर्थकांनी तीन वर्षं पिच्छा पुरवला आणि 2023 मध्ये ते काढायला लावलं. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016 मध्ये आय-लीग सोडली, पण धेंपोची मुळं इतकी खोल होती की तो पुढे पुन्हा वर चढला. लीगचाही करार वाचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये 15 वर्षांसाठी 700 कोटींना व्यावसायिक हक्क दिले होते. ती मुदत संपत आली, नवा करार झाला नाही, आणि 2025 चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही.

भाच्याला मी अजून एक कागद दाखवला, तुम्हीही शोधा. स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानाची जमीन आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव, दोन्ही ‘चेल्सी पिच ओनर्स’ या समर्थकांच्या कंपनीकडे आहे. 2011 मध्ये क्लबने ती परत विकत घ्यायचा प्रस्ताव ठेवला, मंजुरीला 75 टक्के मतं हवी होती, ती मिळाली नाहीत. तुमच्या क्लबच्या बाबतीत अशी काही तरतूद आहे का ते पाहा. नसेल तर समर्थक मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लेखी विचारा: मैदान कुणाच्या नावावर आहे, नाव आणि बोधचिन्ह कुणाच्या नावावर नोंदलं आहे, आणि मालकाने घातलेला पैसा भांडवल म्हणून आहे की कर्ज म्हणून.