सुट्टीनंतर उरलेल्या जेवणाचं चीजवालं काहीतरी करताय? या चुका टाळा

पाहुणे गेले, फ्रीजमध्ये मॅश केलेला बटाटा, भाजलेलं चिकन, भात, अर्धा ब्रेड आणि चीजचे तुकडे उरलेत. मग काय, सगळं एका ट्रेमध्ये ओतायचं, वरून चीज पेरायचं आणि पाऊण तास ओव्हनमध्ये ढकलून द्यायचं. बाहेर येतं ते वरून करपलेलं, आत गिच्च गोळा, चिकनचा नुसता चोथा. आणि आपल्याला वाटतं चीज कमी पडलं! चीज नाही हो कमी पडलं, शिजलेलं परत शिजवलं गेलं. हे अन्न फक्त नीट गरम करायचं असतं आणि फ्रीजमध्ये त्याचा जो ओलावा, कुरकुरीतपणा गेला तो परत द्यायचा असतं.

चिकनपासूनच बघा. एकदा भाजताना त्याचं पाणी निघून गेलेलंच असतं, परत तासभर उकळलं की राहिलेलंही जातं. म्हणून सूप असो की पास्ता, बाकी सगळं तयार झाल्यावर शेवटी टाकायचं, ग्रेव्हीत बुडवून आतपर्यंत वाफाळतं गरम करायचं (थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस) आणि गॅस बंद.

आता चीज सॉस. हा फाटतो तेव्हा रडूच येतं, तूप एकीकडे आणि रबरासारखे गोळे दुसरीकडे, माझा कितीदा फाटलाय विचारू नका. कारण बहुतेक वेळा एकच, सॉस खदखदत असताना चीज टाकलं. 2 चमचे बटर, 2 चमचे मैदा एक मिनिट परता, 1 कप दूध थोडं थोडं घालून घट्ट करा, गॅस बंद करा आणि मगच साधारण 100 ग्रॅम चीज मूठ मूठ घाला. आणि पाकिटातलं किसलेलं चीज नको, ते चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सॉस खरखरीत होतो. स्वतः किसा, दोन मिनिटं लागतात.

मॅश बटाटा मऊ करायला मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, नका. स्टार्च सुटतो आणि डिंक तयार होतो, मग तो काही केल्या सुधरत नाही. त्यापेक्षा थंडगार असतानाच 2 कप बटाट्यात 1 अंडं, 3-4 चमचे मैदा घालून टिक्क्या करा, पॅन नीट तापू द्या, आणि खालची बाजू खरपूस होईपर्यंत हात लावू नका. टिक्की चिकटतेय म्हणजे अजून वेळ आहे, झाली की आपोआप सुटते.

ब्रेड पुडिंगला ताजा ब्रेड घेतला तर लापशी होते, शिळाच पाहिजे. ताजाच असेल तर तुकडे करून 150 अंशावर 10 मिनिटं वाळवा. तसा ब्रेड फ्रीजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, थंडीत त्यातला स्टार्च पटकन कडक होतो ना, एरवी ही कटकट पण इथे फायदाच. 5-6 कप तुकड्यांना 2 कप दूध, 3 अंडी, आणि 20 मिनिटं भिजवायचं म्हणजे 20 मिनिटं, घाईने ओव्हनमध्ये टाकलं की मध्ये कोरडा ब्रेड आणि तळाशी ऑम्लेट! 170 अंशावर 40 मिनिटांनी बघा, मधोमध किंचित हललं तरी चालेल, बाहेर काढल्यावर सेट होतं. उरलेला केक वापरत असाल तर साखर जवळजवळ नकोच.

मीठ शेवटी, चव घेऊनच. आधीच मीठ असलेल्या ग्रेव्हीतलं पाणी आटतं, वर चीज खारट. सगळंच जड लागत असेल तर लिंबू पिळा.

आणि भात, याच्याबद्दल जरा कडक बोलते. शिजवल्यावरही त्यात जिवाणूंचे बीजाणू टिकतात आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात ते परतून जात नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सरळ फेका, फ्राइड राइस वगैरे काही नाही. बाकी जेवणही 2 तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये, 3-4 दिवसांत संपवायचं. डब्यावर तारीख लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी घरात नुसता वास घेण्याचा कार्यक्रम चालतो आणि वासावरून काही कळत नाही.