गणिताच्या तासाला मुलांकडून लिहून घ्या, पाच मिनिटं पुरतात

गणिताची वही आकड्यांनी भरलेली असते पण त्यात वाक्य एकही नसतं, मग उत्तर चुकलं की पोरगं नक्की कुठे अडलंय ते कळायला मार्गच नाही. म्हणून थोडं लिहून घ्यायचं.

सुरुवात "मला गणित का आवडतं" असल्या निबंधाने नको, मुलं आपल्याला खूश करणारं लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहा, (अ + ब)² = अ² + ब², आणि सांगा की हे तुमच्या मित्राने लिहिलंय, त्याला पटेल अशी चिठ्ठी लिहा. बहुतेक जण लिहिणार, "२अब विसरलास." झालं, पाठांतर उतरलं कागदावर! तिथे फक्त "का?" एवढं लिहून वही परत द्यायची. मग कोणी ३ आणि ४ घालून बघतो, ७ चा वर्ग ४९ पण ९ आणि १६ मिळून २५च, मग मधले २४ गेले कुठे? कोणी चौरस काढतो, बाजू अ + ब, आणि मोजायचे राहिलेले दोन आयत त्याला समोरच दिसतात. पहिल्याने चूक आहे हे दाखवलं, दुसऱ्याने का आहे ते, त्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवा.

दुसरा प्रकार म्हणजे चिन्हं बंद. २क्ष + ५ = १७ हे शब्दांत लिहा आणि शब्दांतच सोडवा. (बरोबरचं चिन्ह तसं बरंच उशिरा आलं, रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये ते छापलं, तेच ते शब्द सारखे लिहायचा कंटाळा आला म्हणून.) ५ + ३ = ८ × २ = १६ अशी आगगाडी लिहिणाऱ्यांना तर हे हमखास द्या, "पाच अधिक तीन म्हणजे सोळा" असं स्वतःच्याच अक्षरात वाचलं की जीभ अडखळते.

ज्यांना सुचत नाही त्यांना "समजा", "कारण", "म्हणून" हे तीन शब्द देऊन ठेवा. शुद्धलेखनाला लाल पेन नको, मार्क तर अजिबात नको, नाहीतर सगळे हुशार पोराचं बघून उतरवतात.

आणि चाळीस वह्या रोज कोण वाचणार? वाचूच नका, आज आठ, उद्या दुसऱ्या आठ. समजलंय, पाठ केलंय, गोंधळ आहे असे तीन गठ्ठे करा, आणि दुसऱ्या दिवशीचा तास गोंधळातल्याच एका वाक्याने सुरू करा, नाव न सांगता.