ॲपॉस्ट्रॉफी नेमकी कुठे? टिकली लावून शिकवा

लालबागच्या चाळीत माझ्याकडे संध्याकाळी दुसरी-तिसरीची पोरं शिकवणीला येतात, बहुतेक सेमी इंग्रजीची. 'डोन्ट' लिहायला सांगितलं की निम्मी पोरं डी-ओ लिहून लगेच ॲपॉस्ट्रॉफीची खूण (’) ठोकतात आणि मग एन-टी. दोन शब्द जोडले म्हणजे खूण सांध्यावरच येणार, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून 'जोडायची खूण' असं शिकवूच नका. जिथलं अक्षर गळलं तिथे ती येते, बस.

हे हातानं करून घ्या. गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर असं 'डू नॉट' लिहायचं, मध्ये जागा न सोडता. पाच अक्षरं, पाच चौकटी. मग विचारा, 'डोन्ट' म्हणताना कोण पळालं? 'नॉट'मधला ओ. त्याच्यावर कोरा कागद चिकटवायचा आणि त्याच चौकटीत, अगदी वरच्या कडेला, टिकली. सगळ्यात बारीक टिकल्यांचं पाकीट आणा. मोठी टिकली चौकटभर पसरते आणि पोरं खूण खाली, स्वल्पविरामाच्या जागी काढायला लागतात. टिकलीला पेनानं छोटी शेपटी काढली की झाली ॲपॉस्ट्रॉफी.

गणपतीत अथर्वशीर्ष म्हणणारं पोर असेल तर पोथीतलं 'कर्ताऽसि' दाखवा. 'असि'मधला अ आधीच्या आ-मध्ये मिसळला, त्याची ती वाकडी खूण. पोथीतही असतं म्हटल्यावर पटकन पटतं.

आधी फक्त 'नॉट'वाले घ्या: इझन्ट, आरन्ट, डिडन्ट. सगळीकडे तोच ओ जातो. मग आय ॲम, शी इज, दे आर. 'आय विल'चं 'आयल' करताना डब्ल्यू आणि आय दोघंही जातात, 'कॅनॉट'चं 'कान्ट' करताना एन आणि ओ, तरी टिकली एकच. हे मुद्दाम सांगा, नाहीतर हुशार पोर दोन लावतं.

'वोन्ट'वर डोकं खपवू नका. पूर्वीच्या इंग्रजीत 'विल'चं 'वोल' असंही रूप होतं, त्यातून ते आलं. तिसरीतल्या पोराला पाठच करू द्या.

'इट्स' मात्र 'नॉट' पक्कं झाल्यावरच, कारण ऐकायला सारखे दोन 'इट्स' आहेत: एक 'इट इज'चं, टिकलीवालं, आणि एक 'त्याचं' या अर्थाचं, बिनटिकलीचं. शंका आली की 'इट इज' असं फोडून वाचायचं. 'द कॅट लिक्स इट्स पॉ' फोडलं की 'द कॅट लिक्स इट इज पॉ', पोरं खिदळतात. तिथे टिकली नाही.

तोंडी सरावात एक सांभाळा. 'आर यू हंग्री?'ला 'येस, आयम' चालत नाही. 'येस, आय ॲम' पूर्णच म्हणायचं. 'नो, आयम नॉट' मात्र चालतं. आमच्याकडे त्या वेळी खालून वडे तळल्याचा वास येतो, त्यामुळे हंग्रीला नकार मिळतच नाही. नकार घोटायला 'आर यू स्लीपी?' विचारते.