सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घेताय? अस्सल-नकली ओळखताना या चुका टाळा

नकली गिटार बनवणारा पैसे कुठे खर्च करतो, हे आधी लक्षात घ्या. जे फोटोत दिसतं, तिथे. लोगो, रंग, बॉडीवरच्या मेपल लाकडाच्या लाटा, फ्रेटबोर्डवरचं (नेक म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असलेल्या फळीवरचं) चमकदार जडावकाम, हेडस्टॉकमागचा (मानेच्या टोकाला तारांच्या खुंट्या असतात, त्या भागामागचा) नंबर, झालंच तर सोबतची देखणी केस आणि छापील कागदपत्रं. जे झाकणाखाली किंवा जोडात दडलेलं असतं, तिथे मात्र त्याचा हात आखडतो. त्यामुळे तपासणी उलटीकडून करावी लागते. ज्या जागा गिऱ्हाईक सहसा बघत नाही, तिथून सुरुवात करायची आणि लोगोकडे सगळ्यात शेवटी यायचं.

बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात. पुढच्या चुका त्यातूनच होतात.

सिरीयल नंबर जुळला म्हणजे झालं, असं मानणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे. नंबर छापायला किंवा ठोकायला काहीच लागत नाही. नकली गिटारीवर खऱ्या गिटारीचा नंबर बिनदिक्कत उचलून टाकलेला असतो, आणि तोच नंबर एकाच साच्यातून निघालेल्या अनेक गिटारींवर सापडतो. म्हणून नंबर मिळाला की तो आधी जसाच्या तसा इंटरनेटवर शोधा. तोच नंबर दुसऱ्याच रंगाच्या, दुसऱ्याच मॉडेलच्या गिटारीवर दिसला, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मग नंबर वाचायचाच नाही का? वाचायचा, पण नापास करण्यासाठी. पास करण्यासाठी नाही. गिब्सनच्या अमेरिकन कारखान्यातल्या नेहमीच्या गिटारींवर 1977 पासून आठ आकडी नंबर येऊ लागला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, मधले तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस, आणि शेवटचे तीन म्हणजे त्या दिवसाचा क्रम. नमुन्यादाखल 90883514 घ्या. पहिला 9, पाचवा 3, म्हणजे 1993. मधले 088, म्हणजे वर्षातला अठ्ठ्याऐंशीवा दिवस, 29 मार्च. आता मधले आकडे 412 असते तर? असा दिवस कुठल्याच वर्षात नसतो. किंवा नंबर सांगतो 1993 आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो 2005, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

ही पद्धत सरसकट लावू नका. 1994 हे कंपनीचं शताब्दी वर्ष होतं, त्या वर्षीच्या बऱ्याच नंबरांची सुरुवात 94 ने होते. 2005 मध्ये आकडे नऊ झाले. 2014 पासून काही वर्षं पहिले दोन आकडेच वर्ष दाखवत होते. कस्टम शॉपच्या (कंपनीच्या खास विभागाच्या) जुन्या धाटणीच्या गिटारींचे आणि 'लेस पॉल क्लासिक'चे नंबर तर शाईचे आणि वेगळ्याच हिशोबाचे असतात.

फेंडरची तऱ्हा निराळी. 1976 पर्यंत नंबर नेकच्या प्लेटवर असायचा, त्यानंतर तो हेडस्टॉकवर आला आणि त्याच्या आधी अक्षर लागू लागलं. 'एस' म्हणजे सत्तरचं दशक, 'ई' ऐंशीचं, 'एन' नव्वदचं, 'झेड' 2000 नंतरचं. त्या अक्षराच्या आधी 'एम' लागला, म्हणजे 'एमएन', 'एमझेड' किंवा 2010 नंतरचा 'एमएक्स' असला, तर गिटार मेक्सिकोतल्या कारखान्यातली. ती अस्सलच असते, पण अमेरिकन म्हणून अमेरिकन भावात खपवली जात असेल तर तीही फसवणूकच. हेडस्टॉकवर देशाचं नाव असायला हवं तिथे पॉलिशचा फिकट डाग दिसला, तर तो कशासाठी घासलाय हे वेगळं सांगायला नको. फेंडरचे छापील नंबर आधीच तयार करून ठेवलेले असत, त्यामुळे नंबर आणि प्रत्यक्ष वर्ष यांत थोडा फरक निघाला तर घाबरून जाऊ नका.

विकणाऱ्याने दिलेल्या फोटोंवर समाधान मानणं

समोरून काढलेला, छान उजेडातला फोटो गिटार विकण्यासाठी असतो, तपासण्यासाठी नाही. स्वतःहून मागायचे फोटो असे: हेडस्टॉक पुढून आणि मागून, नटच्या (फ्रेटबोर्डच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीच्या) मागचा भाग तिरक्या उजेडात, ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, तिचा बाक बदलणाऱ्या सळईचं) झाकण काढून आतली जागा, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) जवळून, कडेने, मागचं कंट्रोलचं झाकण काढून आतलं वायरिंग. एका फोटोत गिटारीशेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव लिहून ठेवायला सांगा, म्हणजे फोटो कुठून तरी उचललेले नाहीत हे कळतं. मूळ जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघायला एक मिनिटही लागत नाही.

झाकण उघडायला दोन-चार स्क्रू काढायचे असतात. तारा सैल कराव्या लागत नाहीत, गिटारीला धक्का लागत नाही. तरीही 'मला त्यातलं काही कळत नाही', 'वॉरंटी जाईल', 'आजच दुसरा माणूस घ्यायला येतोय' अशी उत्तरं यायला लागली तर सरळ सोडून द्या. जुन्या गिटारीची वॉरंटी कसली आलीय? बहुतेकदा ती पहिल्या मालकापुरतीच असते.

झाकणाखाली न बघणं

खरी मजा इथे आहे. गिब्सन लेस पॉलचं उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त नकला तिच्याच होतात.

हेडस्टॉकवरचं घंटेच्या आकाराचं छोटं झाकण, म्हणजे ट्रस रॉडचं झाकण, आधी बघा. गिब्सनला ते साधारणपणे दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. नकलीला बरेचदा तीन असतात. पण झाकण पाच मिनिटांत बदलता येतं, त्यामुळे त्याखाली काय आहे ते महत्त्वाचं. अमेरिकन गिब्सनमध्ये तिथे पितळी रंगाचा षट्कोनी नट (हा बोल्टवरचा, तारांचा नव्हे) दिसतो आणि त्यावर बाहेरून पाना बसतो. नकलीमध्ये त्या जागी ॲलन की घालायचं भोक असतं. हे बदलायचं तर नेकच नव्याने बनवावी लागेल, म्हणून ही खूण भरवशाची. मात्र एपिफोनमध्येही ॲलन कीच लागते. एपिफोन 1957 पासून गिब्सनच्याच मालकीची असली तरी तिची गिटार वेगळ्या पद्धतीने बनते, आणि गिब्सनच्या खुणा तिला लावून तिला नकली ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग गिटार उलटी करा. अमेरिकन लेस पॉलची नेक हेडस्टॉकपर्यंत सलग लाकडाची असते, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना रुंदीसाठी छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. सत्तरच्या दशकातल्या काही नेक तीन उभ्या पट्ट्यांच्या आहेत, पण तो जोड लांबीच्या दिशेने जातो. नकलीमध्ये लाकूड वाचवण्यासाठी हेडस्टॉक वेगळा कापून तिरका जोडतात आणि नटच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या आसपास, आडवी रेघ दिसते. पारदर्शक रंगात ती लगेच सापडते. गडद रंगाखाली ती लपते, तेव्हा खिडकीच्या उजेडात गिटार हळूहळू फिरवून बघावं लागतं. तिथेच एखादी वाकडीतिकडी चीर दिसली तर तो जोड नसून मोडलेला हेडस्टॉक चिकटवलेला असू शकतो. मागे कललेल्या हेडस्टॉकमुळे गिब्सन तिथेच मोडते. अशी गिटार अस्सल असते, पण तिची किंमत बरीच खाली यायला हवी.

ब्रिज ज्या दोन खांबांवर उभा असतो तेही बघा. गिब्सनचे खांब बारीक असतात आणि उंची बोटाने फिरवायच्या चकतीने बदलते. नकलीत जाडजूड खांब आणि त्यांच्या डोक्यावर मोठ्या स्क्रूड्रायव्हरची खाच, असा प्रकार जास्त.

शेवटी मागचं कंट्रोलचं झाकण. आत पूर्ण आकाराचे, साधारण 24 मिमी व्यासाचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे गोल भाग) हवेत. 16 मिमीचे चिमुकले पॉट, बारीक रंगीत वायरी आणि सोल्डरचे ओबडधोबड गोळे दिसले तर शंका पक्की होत जाते. जुन्या पॉटच्या पाठीवर कोड ठोकलेला असतो. सुरुवातीचे आकडे पॉट बनवणारी कंपनी सांगतात: 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल, पुढे वर्ष आणि आठवडा. 1376642 म्हणजे सीटीएसचा, 1966 सालच्या 42 व्या आठवड्यातला पॉट. पॉट गिटारीपेक्षा जुना असू शकतो: फेंडरने 1966 मध्ये पॉटचा इतका साठा केला होता की पुढची काही वर्षं तेच वापरले गेले. पण 1962 ची म्हणून विकलेल्या गिटारीत 1966 चा पॉट निघाला, तर एक तर तो नंतर बदललाय, नाही तर गिटार तितकी जुनी नाही. सोल्डर नव्याने झालंय का ते बघितलं की बहुतेक वेळा उलगडा होतो.

फेंडरही तशीच तपासणं

स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टरची नेक स्क्रूंनी बसवलेली असते. म्हणजे खरी नेक, भलतीच बॉडी, कुठले तरी पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) असं कडबोळं सहज बनतं. त्याला 'पार्ट्सकास्टर' म्हणतात. तसं सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही, वाजायलाही ते छान असू शकतं. अडचण येते ती पूर्ण अस्सल म्हणून विकलं की. दुसरी युक्ती म्हणजे स्क्वायरचा (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचा) लोगो घासून फेंडरचा डिकॅल, म्हणजे चिकटवायचा छापील लोगो, लावणं. तिरक्या उजेडात डिकॅलची कड, आजूबाजूच्या पॉलिशचा वेगळा पोत दिसतो. पट्टी घेऊन बॉडीची जाडी मोजा: स्ट्रॅटची सुमारे 44 मिमी असते, स्क्वायरच्या स्वस्त मालिकांपैकी काहींची त्याहून स्पष्ट कमी. फ्रेट मोजा. 1987 नंतरच्या 'अमेरिकन स्टँडर्ड'ला 22 फ्रेट आहेत, जुन्या मेक्सिकन 'स्टँडर्ड'ला 21.

नेक काढली तर तिच्या टाचेवर आणि बॉडीच्या खाचेत तारखा किंवा शिक्के मिळू शकतात. आधी तारा सैल करा. लेस पॉलवर हा प्रयोग करू नका, तिची नेक चिकटवलेली असते.

काही वेगळं दिसलं की 'नकली' म्हणून मोकळं होणं

उलट चूकही तितकीच होते, आणि त्यात चांगला सौदा हातचा जातो.

2015 च्या बऱ्याच लेस पॉलवर हेडस्टॉकला 'लेस पॉल 100' असं वळणदार अक्षरात लिहिलंय, नट पितळी आहे आणि मागे आपोआप सूर लावणारी मोटर आहे. बघणारा म्हणतो, असली गिब्सन कधी बघितली नाही! पण ती कारखान्यातूनच तशी आली आहे. वादक लेस पॉल यांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष होतं. 2011 मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने लाकडाच्या आयातीवरून गिब्सनवर छापा घातला, त्यानंतरच्या काळात काही गिटारींना रोझवुडऐवजी भाजलेल्या मेपलचा फ्रेटबोर्ड बसला. 2008 च्या सुमारापासून अनेक गिब्सनच्या पोटात वायरींऐवजी सर्किट बोर्ड सापडतो. तोही अस्सलच.

फ्रेटच्या टोकांचंही तसंच. बायंडिंगचा (कडेने बसवलेल्या पातळ पट्टीचा) छोटासा उंचवटा फ्रेटच्या टोकाला दिसला तर जुनी गिब्सन, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण नवे फ्रेट बसवताना हे उंचवटे सहसा जातात आणि 2014 नंतरच्या अनेक मॉडेलना ते मुळातच नाहीत.

सगळ्यात गमतीशीर प्रकार जुन्या पिकअपचा आहे. 1960 च्या दशकातल्या गिब्सनच्या हमबकर पिकअपवर पेटंट नंबरचं स्टिकर असतं: 2,737,842. हा नंबर शोधलात तर निघतं ब्रिज-टेलपीसचं पेटंट, पिकअपचं नाहीच. तरीही स्टिकर खरं आहे, कंपनीनेच तो नंबर छापला होता.

याउलट जी गोष्ट कारखान्याने कधी केलीच नाही, ती दिसली तर थांबा. समजा, ट्रस रॉडच्या झाकणावर 'लेस पॉल कस्टम' लिहिलंय, पण बॉडीला एकेरी बायंडिंग आणि फ्रेटबोर्डवर समलंब चौकोन. लेस पॉल कस्टमला आयताकृती ठोकळे आणि हेडस्टॉकवर दुभंगलेला हिरा असतो. त्या वर्षाचा कंपनीचा कॅटलॉग शेजारी ठेवून एकेक गोष्ट ताडून पाहा.

आवाज किंवा वजनावरून निकाल देणं

चांगले पिकअप बसवले की नकलीही छान वाजते. वजनाचं म्हणाल तर बऱ्याच लेस पॉलच्या बॉडीत 1980 च्या दशकापासून वजन कमी करायला पोकळ्या ठेवल्या जातात. हलकी म्हणजे नकली, हा निकष टिकत नाही.

तपासण्याच्या नादात गिटार बिघडवणं

नायट्रो लॅकर आहे का ते बघायला काही जण अ‍ॅसिटोनचा बोळा लावून बघतात. गिब्सनचं पॉलिश खरंच नायट्रो असेल तर ते विरघळेल. गिटार अस्सल निघेल आणि डागाळलेलीही. त्याऐवजी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. जुनं नायट्रो हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर रंगवलेली जागा वेगळी उठून दिसते.

शंका आली तर

पैसे प्लॅटफॉर्मवरूनच द्या, विकणाऱ्याने थोडी सूट देऊन बाहेर द्यायला सांगितले तरी. तक्रारीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ करा, पत्त्याच्या लेबलपासून नंबरपर्यंत. त्याच दिवशी झाकणं उघडून फोटो काढा. काहीही बदलू नका, तारासुद्धा नाहीत. गोंधळ वाटला तर हे सगळे फोटो कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा आणि गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून दोन ओळींचं लेखी मत घ्या. तक्रार करताना 'मला नकली वाटते' एवढंच लिहू नका. 'ट्रस रॉडला ॲलन कीचं भोक आहे, नटमागे आडवा जोड आहे, पॉट 16 मिमीचे आहेत' असं फोटोसकट लिहा. आणि पैसे परत मिळालेच नाहीत, तर पुढे ती विकताना जाहिरातीत ती नकली असल्याचं स्पष्ट लिहा आणि हेडस्टॉकवरचा लोगो काढून टाका.